अर्धा राहिलेला डाव

फ्रॉक दगडावर आपटला आणि खिशात काहीतरी टणकन वाजलं. बटण असेल म्हणून मी बोटं घातली, तर हाताला लागली कवडी. जुनी, पिवळट पडलेली, पाठ घासून घासून गुळगुळीत झालेली.

वैजू शेजारीच साबणाच्या पाण्यात फुगे करत बसली होती. पाच वर्षांची माझी लेक, जिची बडबड शेजारच्या तीन घरांत ऐकू जायची. मी कवडी तिच्यासमोर धरली.

"वैजे, ही कुटनं आणलीस?"

तिनं कवडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"बोल की गं."

"सांगायचं न्हाई."

"कोण म्हणलं सांगायचं न्हाई?"

"आजी."

धुणं तसंच टाकून मी खाली बसले.

दुसऱ्या कुणाच्या घरी पोरीच्या खिशात कवडी सापडली असती तर आईनं ती कोनाड्यात ठेवली असती आणि विसरूनही गेली असती. आमच्या घरात तसं नव्हतं. माझ्या सासूबाई सोजरबाई या तुळजाभवानीच्या आराधीण. गळ्यात कवड्यांची माळ, काखेत परडी, मंगळवारी-शुक्रवारी दारोदार जोगवा मागायचा, आणि मेळा निघाला की संबळाच्या मागं चालत सुटायचं. त्या घराची रीत अशी, की ज्या पोरीच्या केसात जट येईल तिच्या गळ्यात ही माळ पडायची. नवी माळ ओवायची नाही. तीच, आधीच्या आराधिणीच्या गळ्यातली, हातातून हातात जायची. सोजरबाईंच्या गळ्यात ती पडली तेव्हा त्यांना दुधाचे दातसुद्धा पुरते पडलेले नव्हते.

आणि त्या माघात वैजूला ताप भरला होता. बरेच दिवस पोर अंथरुणात, डोक्याला फणी नाही. उठून बसली तेव्हा मानेजवळचे केस गुंतून त्यांची चांगली गुंडी झालेली. मी खोबरेल घेऊन सोडवायला बसले तेवढ्यात गोदाकाकू दारात हजर. गोदाकाकू म्हणजे सोजरबाईंची चुलत जाऊ, मेळ्याची म्होरकी. आवाज असा की पहिल्या ओळीला देवळातली कबुतरं उडावीत.

"हात लावू नगंस प्रयाग," ती म्हणाली. "जट हाय ती. आईनं लेक मागितलीय."

"जट कसली काकू, गुंता हाय. तापात फणी न्हाई लागली."

"ताप कुणी दिला मग?"

ती तिथंच ठरवून गेली. चैत्राच्या पुनवेला तुळजापूरला जायचं, वैजूच्या गळ्यात माळ घालायची. माळ पडली की जोगवा आला, मेळा आला, गावोगावच्या जत्रा आल्या. शाळेत नाव घातलं काय आणि नाही काय, सारखंच. मी चौथी पास होऊन या घरात आलेली. माझ्या लेकीनं चौथीच्या पुढं जावं एवढंच मी देवाकडं मागितलं होतं, आणि देवीनं पोरच मागितली म्हणे.

सोजरबाई त्या वेळी चुलीपुढं होत्या. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. फुंकणी घेऊन जाळ फुंकत राहिल्या. त्यांची ही गप्प राहायची सवय मला कधीच पटली नाही. माणूस बोललं की त्याच्याशी भांडता तरी येतं.

मी संशयी बाई आहे, हे मी कधी लपवलं नाही. दुधात पाणी, मापात पाप, माणसाच्या बोलण्यात खोट, सगळं मी आधी तपासते. पण त्या दोन महिन्यांत माझ्या संशयाला त्या घरानं इतकं खायला घातलं की विचारू नका.

एक तर बालवाडी. शाळेमागच्या खोलीत ढगेबाईंनी बालवाडी काढली होती, कुठल्याशा संस्थेची. वैजूला तिथं घालायचं म्हटलं तेव्हा सोजरबाई म्हणाल्या होत्या, "बसून नुसतं गाणी म्हणायला बाई कशाला पायजे?" आणि आता? सकाळी भाकरी झाली की स्वतःच वैजूचा हात धरून निघायच्या. सोडून लगेच येतील म्हणावं, तर उन्हं डोक्यावर आली तरी पत्ता नाही.

"कुटं व्हता मामी एवढा वेळ?" मी विचारायची.

"बसले हुते."

"कुटं?"

"सावलीला."

दुसरं, त्यांचा पदर. फाल्गुनाचा उन्हाळा, अंगाची काहिली होते आहे आणि ही बाई पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळून बसलेली. आधी माळ कशी मिरवायच्या! पदर सावरायच्या तोच मुळी माळ दिसेल असा. आता अंघोळ करतानासुद्धा न्हाणीला आडोसा लावायला लागल्या.

आणि तिसरं म्हणजे गोदाकाकू. दोघी ओट्यावर बसून कुजबुजायच्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले की गप्प. एकदा एवढंच कानावर आलं. गोदाकाकू म्हणत होती, "पोरीला आत्तापासनं सवय लावा आक्का," आणि सोजरबाई म्हणाल्या, "लावायलीय की."

आता ही कवडी. सांगा, मी काय समजायचं?

रविवारी माझे मालक आले. भागवत सोलापूरला चादरीच्या कारखान्यात होते, आठवड्याच्या सुट्टीला यायचे, पिशवीतून केळी काढायचे आणि झोपायचे. मी कवडी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि सगळं सांगितलं.

"आईला इचार की," ते म्हणाले.

"तुमची आई बोलती का?"

"मग गोदाकाकूला इचार."

"तिलाच तर पायजे पोरगी!"

त्यांनी केळ सोललं. "प्रयाग, आईनं जन्मभर माळ घातली. काय वाईट झालं तिचं?"

मी त्यांच्याकडं बघितलं. जिला स्वतःचं वय सांगता येत नव्हतं, एसटीची पाटी वाचता येत नव्हती, जिच्या लग्नाच्या आठवणीत नवरा नव्हता, नुसती चालून फोड आलेली पावलं होती, त्या बाईबद्दल तिचा मुलगा मला हे विचारत होता. मी कवडी परत घेतली आणि कमरेला खोचली. या माणसाच्या भरवशावर राहिले तर पोर हातची जाणार, हे मला त्या क्षणी कळून चुकलं.

सोमवारी सोजरबाई परत आल्यावर मी निमित्त काढून बालवाडीत गेले.

ढगेबाईंनी खोलीत शेणानं सारवून घेतलं होतं. जमिनीवर खडूनं चौकोन आखलेला, आत घरंच घरं, मधल्या घरात फुली. चल्लसचा पट. आमच्या लहानपणी देवळाच्या फरशीवर म्हातारी माणसं खेळायची तो. भोवती पाच-सहा पोरं, आणि त्यांत माझी वैजू फतकल मारून बसलेली. तिनं हात उडवला, चार कवड्या जमिनीवर पडल्या.

"तीन!" वैजू ओरडली, आणि आपलं बाटलीचं बूच धडाधड तीन घरं पुढं नेलं.

"बघितलंत?" ढगेबाई म्हणाल्या. बाई तरुण, बार्शीकडची, दोन वेण्या घालायची. "बोटसुद्धा लावलं नाही. तीन उताण्या पडल्या हे नुसतं बघून कळलं तिला. आधी पाटीवर तीन काढ म्हटलं की भिंतीकडं बघायची."

"अन् सगळ्या पालथ्या पडल्या की आठ," वैजूनं मला समजावलं. "आई, या संज्याला माराया मला आता दोन पायजेत. दोनच. तीन पडलं तर म्या फुडं जाईन."

मी पटावर बघितलं. खरंच मध्ये दोन घरं होती. पोरगी टाकायच्या आधीच हिशेब करून बसली होती. दुसरी कुठली वेळ असती तर मी तिला उचलून मुका घेतला असता. पण माझी नजर त्या कवड्यांवर होती. पिवळट, जुन्या, पाठी घासलेल्या.

"बाई, कवड्या कुटनं आणल्या?"

"आधी चिंचोके फोडून खेळायचो. पण एकानं नाकात घातला, दवाखान्यात न्यावं लागलं. मग कवड्या मिळाल्या. कवडी नाकात जात नाही."

"मिळाल्या म्हंजी? दिल्या कुणी?"

ढगेबाईंनी खाली वाकून खडूचा तुकडा उचलला, जो उचलायची काही गरज नव्हती.

"गावातल्याच कुणीतरी."

"त्या कुणीतरीला नाव न्हाई का?"

"नाव सांगू नका म्हणाल्यात. मी शब्द दिलाय, प्रयागताई."

म्हणाल्यात! म्हणजे बाईच. "अन् वैजूच्या खिशात कवडी कशी आली?"

"त्या दिवशी ती जिंकली. जो जिंकेल त्यानं एक कवडी घरी न्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत आणायची, असा आमचा नियम आहे. पोरं त्या एका कवडीसाठी जीव टाकून मोजतात."

उत्तर सरळ होतं. पण सरळ उत्तरानं माझं समाधान होत नाही. परत येताना वाटभर मी एकेक गोष्ट जुळवत आले आणि सगळं चक्क जुळलं. पोरीला आत्तापासनं सवय लावा, असं गोदाकाकू म्हणाली होती. मग कवड्या दिल्या तिनंच, नाहीतर मेळ्यानं. पोरींना कवडीचा लळा लावायचा, जिंकली म्हणून हातात द्यायची, उद्या गळ्यात घातली तर पोर रडायचीही नाही. उलट हसतहसत मान पुढं करेल. आणि सोजरबाई रोज तिथं सावलीला बसून लक्ष ठेवणार. शिकलेली बाईसुद्धा त्यांना सामील, शब्द दिलाय म्हणे.

त्या दिवसापासून मी घरात बोलायचं बंद केलं. सोजरबाईंना ते कळलं असावं. एकदा भाकरी थापताना त्या मागं उभ्या राहिल्या. "प्रयाग," म्हणाल्या.

"काय?"

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग, "मीठ कमी पडलंय कालवणात," एवढंच बोलून निघून गेल्या. कालवणात मीठ बरोबर होतं. मी चाखून बघितलं.

पुनवेच्या आधीच्या शुक्रवारी गोदाकाकू माळ न्यायला येणार होती. दुधानं धुऊन, हळदीत ठेवून, ती तुळजापुरी न्यायची होती. त्याच शुक्रवारी दुपारच्या एसटीनं पोरीला घेऊन माहेरी निघायचं मी पक्कं केलं. भाऊ ठेवून घेईल न घेईल, पुढचं पुढं. दोघींचे कपडे पिशवीत भरले, पिशवी कडब्याच्या गंजीमागं लपवली. माझ्या अंगात त्या दिवशी कुठून एवढं बळ आलं कोण जाणे. भीतीचंच असावं.

सोजरबाई सकाळीच वैजूला घेऊन गेल्या होत्या. एसटीची वेळ होत आली तशी मी पिशवी पदराखाली घेऊन शाळेमागच्या खोलीकडं निघाले. पोरांचा गलका नेहमी लांबून ऐकू यायचा. त्या दिवशी तिकडं सगळं चिडीचूप. माझे पाय आपोआप भराभर पडायला लागले.

दारातून बघितलं. पोरं गोल करून बसलेली. मधे सोजरबाई. आणि त्यांच्यासमोर, अगदी गुडघ्याला गुडघा लावून, माझी वैजू मान खाली घालून बसलेली. सोजरबाईंचा पदर खांद्यावरून खाली आलेला. दोन्ही हातांत माळेचा दोरा धरलेला, तिच्या अगदी गळ्यापाशी.

"मामी!" मी किंचाळले. "हात लावू नका तिला!"

पिशवी पडली. मी पोरांवरून उडी मारून वैजूचा दंड धरला आणि मागं खेचलं. पोरगी भेदरून रडायला लागली.

"लाज न्हाई वाटली? हितं, शाळेत? माझ्या माघारी? एवढीशी पोर ती, अन् तुमी तिघी मिळून..."

"आई," वैजू रडतरडत म्हणाली, "गाठ सुटत नव्हती. मी दातानं सोडत व्हते."

मी बघितलं. सोजरबाईंच्या हातात दोराच होता नुसता. काळा, तेलकट, जाड दोरा. त्याच्या टोकाला घट्ट गाठ, आणि गाठीजवळ उरलेली एकुलती एक कवडी. बाकीच्या जागी काही नव्हतं. माझी नजर पोरांकडं गेली. प्रत्येकाच्या ओंजळीत कवड्या. पिवळट, जुन्या, पाठी घासलेल्या.

मला काही समजेना. ढगेबाई पुढं आल्या. मला धरून खाली बसवलं, पाणी दिलं. मग सोजरबाईंनी गाठ स्वतःच्या दातांत धरली, मान हलवून सोडवली, शेवटची कवडी काढली, कपाळाला लावली आणि माझ्या पाठीमागं दडलेल्या एका लहानग्या पोरीच्या हातात ठेवली.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता माळच न्हाई. काय घालंल गोदी पोरीच्या गळ्यात?"



"तोडली न्हाई म्या," सोजरबाई म्हणाल्या, माझ्याशी की आणखी कुणाशी ते कळत नव्हतं. "माळ तोडनं पाप हाय. गाठ सोडली. रोज हितं येऊन एक काढायची. काढायच्या आधी तिला इचारायची, आई, लेकराला खेळाया देऊ का? ती काय न्हाई म्हणली न्हाई."

"मला का न्हाई सांगितलं?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"तुला? तुझं तोंड म्हंजी दवंडी. तू गोदीशी भांडली असतीस, अन् ती त्याच दिवशी माळ उचलून घेऊन गेली असती."

"अवं पण माझ्यावर एवढा तरी भरवसा..."

"तू ठिवलास का माझ्यावर?"

मी वैजूचे डोळे पुसायला लागले.

"मग म्या तरी का ठिवावा?" त्या म्हणाल्या, आणि खाली पडलेल्या पिशवीकडं बघितलं. पिशवीचं तोंड उघडलं होतं, वैजूचा पिवळा फ्रॉक बाहेर आला होता. "कवाची गाडी हाय?"

त्यांना सगळं माहीत होतं. मी पिशवी जवळ ओढून घेतली.

मग सोजरबाई जे बोलल्या ते त्या घरात आल्यापासून मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात लांब बोलणं होतं. पोरं पुन्हा खेळायला लागली होती आणि त्या पटाकडं बघत बोलत होत्या. "म्या हिच्याएवढी हुते. लगीन हून आल्याली. देवळाच्या फरशीवर पोरींसंगं चल्लस खेळत बसले हुते. माझी सोंगटी घरात जायाला एक दान पायजे हुतं. सासू आली, हाताला धरून उठीवलं. केसात जट हाय म्हणली. त्याच दिशी गळ्यात माळ. दुसऱ्या दिशी म्या कवड्या घेऊन खेळाया बसले तर सासूनं हातावर मारलं. आता कवडी खेळायची न्हाई, पुजायची, म्हणली. तवापासनं पुजते."

त्यांनी रिकामा दोरा बोटाभोवती गुंडाळला. "हितं पैल्या दिशी पोरीला सोडाया आले, अन् ही बाई ह्यो पट काढत हुती. वैजी चिंचोके टाकून मोजायली, येक, दोन, तीन... मला ते पुढचं येत हुतं गं कवातरी. समदं इसरले."

घरी आलो तेव्हा गोदाकाकू ओट्यावर येऊन बसली होती. सोबत मेळ्यातल्या दोघी. पितळी ताट, दुधाची चरवी, हळद, नारळ. वैजूला बघून तिनं कडाकडा बोटं मोडली.

"या आक्का. पदर काढा. माळ धुऊन ठिवू."

सोजरबाईंनी पदर काढला.

गळा उघडा होता. जन्मभर माळ घासून मानेवर काळसर वळ पडला होता, तेवढाच राहिला होता. मेळ्यातल्या एकीनं तोंडाला पदर लावला.

"माळ कुटाय?" गोदाकाकूनं विचारलं.

"लेकरांनी खेळली."

"कोणच्या लेकरांनी?"

"गावच्या. बालवाडीतल्या. कुणाकडं दोन, कुणाकडं चार."

गोदाकाकूचा तो देवळातली कबुतरं उडवणारा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. "ग्वाळा करा," ती पुटपुटली. "आत्ताच्या आत्ता. मी फिरते घरोघरी."

"फीर," सोजरबाई म्हणाल्या. "परडी घेऊन फीर. मागून बघ. एखाद्या लेकरानं आपल्या हातानं दिली तर घे. पर हिसकावून घेऊ नगंस गोदे. जोगवा मागायचा असतोय. जन्मभर आपून मागितलाच की. हिसकला का कवा?"

गोदाकाकू उभी राहिली. ती वाईट बाई नव्हती, हे आता मला म्हणता येतं. तिचा देवीवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. म्हणून तर तिला पुढं पाऊल टाकता येईना. तिनं वैजूकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"कोप हुईल आक्का," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "घर बसंल."

"घर का बसंल? माळ माझ्या गळ्यात हुती, माझ्या हातानं सुटली. व्हायचा तर माझ्यावर हुईल."

हे सोजरबाई इतक्या साध्या आवाजात बोलल्या की मला आधी कळलंच नाही. ताट उचलून गोदाकाकू निघून गेली, मेळ्यातल्या बायका गेल्या, आणि सोजरबाई खांबाला धरून हळूच खाली बसल्या. देव्हाऱ्याच्या दिशेनं हात जोडून त्यांनी स्वतःच्या गालांवर मारून घेतलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला वाटलं होतं, ही बाई गोदाकाकूला चकवते आहे. माळ म्हणजे दोरा आणि कवड्या, मोडल्या की संपलं, असं माझं डोकं. पण त्यांच्यासाठी ते तसं नव्हतंच. त्यांचा पुरता विश्वास होता. देवी कोपणार, आपल्यावर कोपणार, हे पक्कं धरून त्यांनी रोज एकेक कवडी काढली होती.

मी त्यांच्याजवळ बसले. संशयी माणसाला संशय घ्यायचे शंभर मार्ग माहीत असतात. तो संपला की काय करायचं ते कुणी शिकवलेलं नसतं.

"तेलाची बाटली आण," त्याच म्हणाल्या. "पोरीचा गुंता सोडीव. लई दिस झाले."

गुंता सुटायला संध्याकाळ झाली. पाच-सहा केस तुटले, बाकी सगळे मोकळे झाले.

पुढं मेळ्यानं सोजरबाईंना बोलावलं नाही. मंगळवार यायचा, परडी खुंटीला तशीच. कुणाला साधा खोकला झाला तरी त्या दचकायच्या आणि देव्हाऱ्यासमोर जाऊन बसायच्या. बारीकसारीक आजार सोडले तर त्या वर्षी कुणालाच काही झालं नाही. पण त्यांना ते पटत नव्हतं. त्या वाटच बघत राहिल्या.

वैशाखातल्या एका दुपारी मेळा आमच्या गल्लीतून चालला होता. संबळाचा आवाज लांबून आला तेव्हा सोजरबाई ओट्यावर होत्या. मला वाटलं आत जातील. गेल्या नाहीत. मेळा आमच्या दारावरून गेला, थांबला नाही. गोदाकाकूनं समोरच बघितलं. सोजरबाई आवाज वळणावरून नाहीसा होईपर्यंत बसून राहिल्या.

वैजू कोळशानं फरशीवर पट आखत होती. सुट्टी लागताना ढगेबाईंनी पोरांना आपापल्या कवड्या घरी दिल्या होत्या. तिनं आजीचा पदर ओढला. "आजे, खेळू."

"मला न्हाई येत आता."

"मी शिकीवते. उताण्या तेवढ्या मोजायच्या. सोपं हाय."

मी दारात उभी होते. मला वाटलं, पोरीला हाक मारून आत घ्यावं, म्हातारीला त्रास नको. पण सोजरबाई सरकून पटाजवळ बसल्या होत्या. वैजूनं चार कवड्या त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी मूठ मिटली, आणि मूठ आपोआप कपाळाला लागली. डोळे मिटले. ओठ हलत होते. किती तरी वेळ त्या तशाच राहिल्या.

"आजे," वैजू वैतागली, "पाया काय पडतीस? टाक की!"

सोजरबाईंनी डोळे उघडले. नातीकडं बघितलं. आणि टाकल्या.

कवड्या फरशीवर गरगरल्या, थांबल्या. वैजूनं वाकून बघितलं, पण सांगितलं नाही. ढगेबाई करायच्या तशी हाताची घडी घातली. "तुझं दान हाय. तूच मोज."

सोजरबाईंनी बोट पुढं केलं. पहिल्या कवडीवर ठेवलं.

"येक," त्या म्हणाल्या.